पुरे

मराठी भाषेतला उच्चारायला सर्वांत अवघड शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ‘पुरे’ असं सांगेन. ‘ळ’ आपल्याला जन्मजात येतो. ‘काळे राळे, गोरे राळे’सुद्धा थोड्या सरावाने जमतं. पण ताटावर बसलेलं असताना, वाढणारी व्यक्ती समोर वाकलेली असताना, चेहरा न पाडता आणि मनापासून ‘पुरे’ म्हणणं भल्याभल्यांना आयुष्यभर साधत नाही. आपण ‘पुरे, पुरे’ असं दोनदा म्हणतो. आणि दोनदा म्हटलं की त्याचा अर्थ ‘वाढा’ असा होतो, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक असतं. आपण ताटावर हात आडवा धरतो, पण बोटं अशी फाकवून, की मधून जिलबी सहज जावी.

आता हा शब्द पूर्वीही अवघडच होता. पण तो न आल्यामुळे कुणाचं चारित्र्य धोक्यात येत नसे. लग्नानंतर जावयाने जरा अंग धरलं की सासूबाई दृष्ट काढत. ‘तब्येत सुधारली हो!’ ही स्तुती होती. आज ‘वजन वाढलंय का रे?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, त्या सुरात पूर्वी ‘पतपेढीच्या हिशेबात तुझा काही घोळ आहे का रे?’ असं विचारत. माणसं वजनकाट्यावर उभी राहतात ती आरोपीसारखी. दोन किलो उतरलेला माणूस चार धाम करून आल्यासारखा गावभर सांगत सुटतो, आणि दोन किलो चढलेला माणूस उधारी थकल्यासारखा गल्ली बदलून जातो. ओळखीतला एक तरुण परवा म्हणाला, “काल माझा चीट डे होता.” चौकशी केल्यावर कळलं, की त्याने दोन बटाटेवडे खाल्ले होते. यात फसवलं कुणी आणि फसलं कोण, हे काही त्याला सांगता येईना. वड्याचे पैसे तर त्याने रोख दिले होते.

थोडक्यात, पाप-पुण्याचा सगळा जुना कारभार आपण देवाकडून काढून घेतला आणि आहारतज्ज्ञांच्या ताब्यात दिला.

महाराष्ट्राला संप्रदायांची सवय जुनी. त्यामुळे इथेही दोन पंथ व्हायला वेळ लागला नाही. २०१८च्या सुमाराला तर घराघरांत उभी फूट पडली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं, की कडकडून भूक लागते अशा आपल्या दोन वेळा ओळखा. त्या दोनच वेळा जेवा. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. मधे काही खाऊ नका. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून मिळाली, हेही ते मोकळेपणाने सांगतात. उलट ऋजुता दिवेकरांनी २००९च्या आपल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडंथोडं खायला सांगितलं होतं. शिवाय तुपाला भिऊ नका आणि आजी खायची ते खा, हाही त्यांचा आग्रह.

आता एकाच घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर झाली, की स्वयंपाकघराचं रेल्वे कँटीन होतं. बायको दर दोन तासांनी डबा उघडते. नवरा सकाळपासून तिच्या डब्याकडे योग्याच्या नजरेने बघत बसतो, आणि स्वतःच्या जेवणाला बसला की त्रेपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाचं भांडं जवळ ओढतो, कारण दोन मिनिटं अजून शिल्लक असतात. सासूबाईंना दोन्ही पंथ मान्य नसतात. त्यांच्या मते माणसाने हाक मारली की जेवायला यावं.

मी या दोन्ही पंथांकडे बाहेरून पाहिलं आहे आणि मला एक गोष्ट जाणवली. ऐकायला ही मतं एकमेकांविरुद्ध असली, तरी दोन्हीकडचे शिष्य घास उचलण्याआधी क्षणभर थांबतात. आत्ता वेळ आहे का? भूक आहे का? किती? इतकाच तो विचार. पण तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं. दोघांनीही आपल्याकडून ‘पुरे’च म्हणवून घेतलं आहे. आपल्या तोंडून ते निघत नाही, म्हणून घड्याळाच्या तोंडून.

नामपूरला मात्र घड्याळाचा हा वशिला चालत नाही. मोसम नदीच्या काठचं, बागलाण तालुक्यातलं हे गाव. कांद्याची मोठी बाजारपेठ, भोवती डाळिंबाचे मळे, आणि निम्मं बोलणं अहिराणीत. इथे काही कारण नसताना चालणं ही कल्पनाच अजून पचनी पडलेली नाही. सकाळी सटाणा रस्त्याला रिकाम्या हाताने चालू लागलं, की पहिलीच मोटारसायकल शेजारी येऊन थांबते.

“कथा जाई राहिनात, नाना?”

“कुठंच नाही. फिरतोय.”

“मंग बठा ना. सोडी देस.”

आपण कुठेच जात नाही हे कळल्यावरही तो आपल्याला तिथे सोडायला तयार असतो! नको म्हटलं तर त्याला मनापासून वाईट वाटतं. संध्याकाळी तो घराशी येऊन हळूच विचारतो, की नानांचं घरात कुणाशी काही बिनसलंय का. आठवड्याभरात गावात तीन कारणं फिरू लागतात: एक, नानांनी गाडी विकली, दोन, नानांना काहीतरी झालंय, तीन, नानांनी काहीतरी केलंय.

यातला विनोद बाजूला ठेवला तरी एक टोचणी उरते. त्याच रस्त्याने डोक्यावर घासाचा भारा घेतलेली बाई येत असते. ती वजन उतरवायला निघालेली नसते. वाहायला निघालेली असते. तिच्या शेजारून दंड हलवत जाताना असं वाटतं, की काल आपल्या पोटात जे जास्तीचं गेलं ते रस्त्यावर सांडायला आपण निघालो आहोत. हिशेब मांडायचाच तर तासभर झपझप चालल्यावर साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे तुपासकट एक पुरणपोळी. ती खायला लागतात चार मिनिटं.

बाजार समितीच्या आवारात पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या ट्रकमध्ये चढवणाऱ्या एका हमालाला मी एकदा सांगितलं, की शहरातली मुलं दरमहा फी भरून असंच वजन उचलायला जातात. त्याने गोणी टेकवली, घाम पुसला आणि विचारलं, “उचलीसन ठेवतस कथा?”

“तिथंच.”

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पण एवढ्यावर कष्टाची आरती ओवाळून मोकळं होणं हा शहाजोगपणा होईल. कारण ज्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून आपण ‘बघा, याला कुठे लागतो व्यायाम!’ म्हणतो, तोही आता बैलामागे चालत नाही. नांगरट ट्रॅक्टर करतो, मळ्यात जायला मोटारसायकल आहे, विहिरीवरचा पंप मोबाइलवरून सुरू होतो. शरीराचे कष्ट पुष्कळ कमी झाले. ताट मात्र बैलाच्या जमान्यातलंच राहिलं. फरक इतकाच, की त्यातली बाजरीची भाकरी गेली आणि गव्हाची पोळी आली. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा पाहुण्यांसमोर जिची लाज वाटत होती ती बाजरी ‘मिलेट’ असं नाव लावून, चकचकीत पाकिटात बसून माहेरी परत आली. आता अडत्याला शुगर आहे, शेतकऱ्याला शुगर आहे आणि त्या दोघांना ‘चाला’ म्हणणारा डॉक्टर मोटारीने येतो.

तेव्हा प्रश्न कष्टाळू आणि आळशी असा सरळ नाही. तो ताटापाशीच येऊन थांबतो. आणि नामपुरात ताट हे एकट्याचं कधीच नसतं.

याची खरी परीक्षा आखाजीला होते. अक्षय्यतृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि घरात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. ज्यांनी ही पोळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: ती पोळपाटावर मावत नाही. हातांवर झेलत झेलत मोठी करून ती उपड्या खापरावर टाकतात, आणि ती शेला पसरावा तशी पसरते. शहरातल्या दोन-तीन पोळ्या हिच्यात सहज बसतील. मघाच्या हिशेबाने एक पोळी खाल्ली तर माणसाने पानावरून उठून तसंच सटाण्याच्या दिशेने चालत सुटावं. पण उठू देतो कोण? पहिली संपत नाही तोच दुसरी येते, वर तुपाची धार, शेजारी रशीची वाटी. शहरातून आलेली मुलगी सहा महिने मेहनत करून पाच किलो उतरवून आलेली असते. जिममध्ये तिचं अभिनंदन झालेलं असतं. दारात पाऊल टाकताच आई तोंडाला पदर लावून म्हणते, “किती वाळलीस गं माय!” एकच शरीर, एकच वजन, एका ठिकाणी बक्षीस, दुसऱ्या ठिकाणी सासरच्यांवर संशय.

आपण या आग्रहाला हसतो, त्याच्यावर विनोदी लेखही लिहितो. पण वाढणाऱ्या मावशीचं वय एकदा मनाशी मोजून पाहावं. सत्तरी ओलांडलेल्या मावशीने १९७२चा दुष्काळ जाणत्या वयात पाहिलेला असतो. महाराष्ट्रात त्या साली दुष्काळी कामांवर हजारो बायकांनी खडी फोडली. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर घेतली आणि कामावर मिळालेली सुकडी मुलांसाठी पदरात बांधून घरी नेली. ज्या बाईने एकदा भाकरीचे चार तुकडे करून सहा जणांत वाटले आहेत, तिच्या हाताला पुढे आयुष्यभर वाढण्याची घाई सुटते. तिच्या लेखी रिकामं ताट ही शोभा नाही, आठवण आहे. तिला आपण सांगणार काय? तर, “मावशी, यात कॅलरी फार आहेत.” तिने ज्याच्यासाठी दगड फोडले, ते नेमकं आपल्याला जास्त झालेलं आहे!

या गोष्टीला आणखी एक टोक आहे आणि ते पुण्याच्या केईएम रुग्णालयात निघालं. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही सडसडीत दिसणारे. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याने दोघांनाही एकच दाखला दिला होता. आतला मजकूर वेगळा होता.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. इंग्लंडमधलं बाळ जन्मताना साधारण साडेतीन किलोचं, तर या गावांतलं सुमारे २.७ किलोचं. पण हे बारकं बाळ सगळ्याच बाबतींत सारखं बारकं नव्हतं. स्नायू कमी, अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. संशोधक याचा अर्थ असा लावतात, की आईच्या पोटात अन्न अपुरं मिळालं की शरीर पुढच्या टंचाईची तयारी करून ठेवतं. आणि पुढे टंचाई न येता पुरणपोळी आली, की तीच तयारी अंगाशी येते.

म्हणजे पाहा, मावशीच्या हातातला आग्रह आणि तिच्या भाच्याचं पोट ही दोन्ही टंचाईचीच लेकरं निघाली. एक वाढतंय, दुसरं साठवतंय. अशा माणसाचं पोट पाहून ‘याचा जिभेवर ताबा नाही’ असा निकाल देणारे आपण कोण? आणि सडपातळ माणसाला संयमाचं प्रशस्तिपत्र देणारे तरी कोण? शरीर हा काही चारित्र्याचा दाखला नव्हे. तलाठीसुद्धा इतक्या वरवर पाहून दाखला देत नाही.

मग काय, दुष्काळाच्या नावाने आणखी एक पोळी घ्यायची? तर तसंही नाही. पोट आपल्याकडे कसं आलं हे कळलं, तरी त्याचं पुढे काय करायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि नेमकं इथेच आपण एक पळवाट काढून ठेवली आहे. ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते.

ती पळवाट म्हणजे डॉक्टर. पंगतीत ‘मला नको’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही. ‘पोट भरलं’ ही तर सुरुवात समजली जाते. पण ‘डॉक्टरांनी मना केलंय’ म्हटलं, की वाढणारा हात हवेतच थांबतो. आमच्या शेजारचे एक अडते वीस वर्षं ‘पुरे, पुरे’ म्हणत जेवले. लग्न असो, बारसं असो, दहावं असो, त्यांच्या ‘पुरे’ला कुणी दाद दिली नाही. शेवटी शुगर निघाली. आता ते पंगतीत बसले की चारही बाजूंनी आवाज येतो, “त्यांना आग्रह करू नका हं, शुगर आहे बिचाऱ्यांना!” जे वीस वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं, ते आज गोळीबरोबर मिळालं. आपल्या समाजात निरोगी माणसाला कमी खाण्याचा अधिकार नाही. त्यासाठी आधी आजारी पडावं लागतं.

हा मला नुसता आहाराचा प्रश्न वाटत नाही. एखाद्याने स्वतःच्या शरीराबद्दल शांतपणे सांगितलेलं आपण खरं मानायला तयार नसू, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर छापून आलं की लगेच मानत असू, तर तो प्रेमाचाही प्रश्न आहे. माणूस खाऊ घालावा हे खरं. पण त्याचं ऐकूही यावं.

आणि ऐकू न येण्याचा हा रोग फक्त पंगतीतला नाही. घरातल्या बाईचं पाहा. सगळ्यांची जेवणं झाली, की ती भांड्यांकडे बघते. दीड पोळी, वाटीच्या तळाशी उसळ, नातवाने अर्धा सोडलेला लाडू. अन्न टाकू नये, हा संस्कार. म्हणून ती स्वतःचं जेवण झाल्यावर तेही संपवते. वजन वाढतं. मग तेच नवरा आणि तोच नातू तिला म्हणतात, “जरा कंट्रोल कर ना!” तिच्या वजनात घरातल्या प्रत्येकाचा वाटा असतो, पण काट्यावर उभी राहते ती एकटी. खरं तर उरलेलं अन्न नको असलेल्या पोटात टाकलं तरी ते टाकलंच. त्याला उपाय व्यायामाचा नाही, उपाय मापाचा आहे. दोन मुठी पीठ कमी भिजवावं, नातवाला आधी अर्धाच लाडू द्यावा, आणि बाईने सगळ्यांबरोबर पानावर बसावं. साध्या गोष्टी आहेत. पण त्यांसाठी कुणी व्याख्यानाला तिकीट लावत नाही.

मला विचाराल तर मावशीपुढे डॉक्टरांना उभं करू नये. खोटंही बोलू नये. पोळीला नाही म्हणावं, पण मावशीला नाही म्हणू नये. दुसरी पोळी अर्धी घ्यावी आणि अर्ध्या तासाऐवजी दीड तास बसावं. हात धुऊन लगेच गाडीला किल्ली लावणाऱ्या माणसाला पोटभर वाढल्याशिवाय तिचं समाधान कसं होणार? तेवढ्या वेळात त्याला देण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही उरत नाही. पण आपण बसलो, मिलोची भाकरी कशी लागायची हे विचारलं, तर ती पोळीचं ताट बाजूला ठेवून बोलू लागते. अनुभव असा आहे, की बोलणाऱ्या मावशीच्या हातून वाढणं निम्म्याने कमी होतं.

आमच्या आळीत एक काकू आहेत. त्यांनी हा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवला. त्या वाढत नाहीत. भांडी मधोमध ठेवतात, पाहुण्यांबरोबर स्वतः जेवायला बसतात आणि म्हणतात, “लागेल तसं घ्या.” पहिली दोन वर्षं त्यांची आळीभर बदनामी झाली. हात आखडता आहे, म्हणे. शेजारचे ते अडते शुगर निघण्याच्या आधी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले होते. एका पोळीनंतर सवयीप्रमाणे “पुरे, पुरे” म्हणाले आणि वाट बघत बसले. कुणी आलंच नाही. काकूंनी त्यांचं म्हणणं खरं मानलं होतं! अडते उपाशी घरी आले आणि बायकोकडून दोन भाकरी करून घेतल्या. महिनाभर ते हा अन्याय सांगत होते.

परवा ते पुन्हा त्यांच्याकडे जेवायला गेले. स्वतःच्या हाताने एक पोळी घेतली, थोड्या वेळाने आणखी अर्धी घेतली, आणि मग एकदाच म्हणाले, “पुरे.” काकूंनी मान हलवली आणि विचारलं, “कांद्याला भाव काय निघाला आज?”

रात्री साडेदहापर्यंत ते तिथेच गप्पा मारत बसले होते.